कातकऱ्यांचे वर्ष

दिवाळी सरली की अंबाडीच्या आसपासचे कातकरी पाडे रिकामे व्हायला लागतात. भांडीकुंडी गोणीत भरून, अंथरुणाची वळकटी करून, कोंबड्या पाटीखाली झाकून माणसे टेम्पोत चढतात. त्यांच्याबरोबर मुलेही चढतात, शाळेचे दुसरे सत्र तोंडावर आलेले असतानाच. पाड्यावर मागे उरतात ती म्हातारी माणसे. पुढचे सहा-सात महिने या कुटुंबांचा मुक्काम वीटभट्टीवर. टेम्पो भट्टीमालकाने पाठवलेला असतो, कारण त्याच्याकडून घरच्यांनी गणपतीतच उचल घेतलेली असते.

अंबाडी हे भिवंडी-वाडा रस्त्यावरचे नाक्याचे गाव. इथून एक फाटा वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे जातो. चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर बांधवलेले देवीचे देऊळ, अकलोलीची गरम पाण्याची कुंडे, नित्यानंद महाराजांची समाधी यांसाठी मुंबईहून येणारी माणसे या नाक्यावर चहाला थांबतात. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा वाडा आणि वसई तिकडे गेले, भिवंडी ठाण्यातच राहिला, आणि ही सगळी बाजू दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आली. रस्त्याला भाताची खाचरे आहेत, खाचरांत विटांच्या थप्प्या आहेत आणि भिवंडीच्या बाजूला सरकावे तशी गोदामे दाटत जातात. आगरी, कुणबी, मल्हार कोळी, वारली, कातकरी असे सगळे समाज इथे शेजारी नांदतात. त्यांत सर्वांत कमी जमीन, सर्वांत कमी कागदपत्रे आणि सर्वांत जास्त पायपीट कातकऱ्यांच्या वाट्याला आलेली आहे.

पुढच्या पानांचा विषय हे कातकरी आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार भरली. त्यांतले बहुसंख्य रायगड आणि त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्यातले. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर ते राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. सरकारी दप्तरात त्यांच्यावर भरपूर लिहिलेले आहे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ते आहेत, १९३४ साली ए. एन. वेलिंग यांनी त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि अलीकडे रायगडमधल्या त्यांच्या वस्त्यांच्या प्रश्नावर डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी केलेले काम महत्त्वाचे आहे. तरीही मराठी वाचकाच्या मनात कातकरी म्हटले की दारिद्र्य, कुपोषण, दारू आणि अशिक्षण एवढेच उभे राहते. हे खोटे नाही. पण ही गोष्टीची शेवटची पाने आहेत, आणि तीच आधी वाचायची आपल्याला सवय लागली आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जमिनीच्या सातबाऱ्यावर न जगणाऱ्या समाजाची मालमत्ता म्हणजे त्याचे वर्ष असते. कोणत्या महिन्यात कुठे जायचे, काय खणायचे, काय शिजवायचे, काय विकायचे, कोणाच्या शेतावर हात लावायचा, याची बारा महिन्यांची घडी बसलेली असते. त्यातला एखादा तुकडा कोणी काढून घेतला की बाकीचे महिनेही उभे राहत नाहीत. कातकऱ्यांच्या वर्षातला हिवाळा आणि उन्हाळा सरकारने आणि बाजाराने काढून घेतला. त्यांच्याकडे उरला तो पावसाळा, आणि आता तोही पुरता उरलेला नाही.

पूर्वीचा हिवाळा कसा होता ते आधी पाहू. पावसाळा आटोपला की कातकरी कुटुंबे टोळ्यांनी रानात उतरत. खैराची दाट झाडी पाहून तिथे झोपड्या घालत. काम सुरू करण्याआधी एक झाड निवडायचे, त्याला शेंदूर लावायचा, नारळ द्यायचा आणि यश मागायचे. मगच कुऱ्हाड चालवायची. तोडलेल्या खैराची साल आणि बाहेरचे पांढरे लाकूड काढून टाकत आणि आतल्या लालसर गाभ्याचे बारीक तुकडे करत. पुढचे काम चुलवणावरचे. मडक्यांत पाणी घालून ते तुकडे तासन् तास उकळायचे, रस गाळायचा, तो दुसऱ्या मडक्यात पुन्हा आटवायचा, असे दाट होईपर्यंत. आच कमीजास्त झाली तर माल बिघडतो, म्हणून मडक्यांच्या रांगेपासून हलता येत नसे; हा कामाचा भाग मुख्यतः बायकांचा. दाट झालेला रस थंड करून, सुकवून त्याच्या वड्या पाडत. हा कात. पानाच्या तबकात चुन्याशेजारी बसणारा, कातडी कमावायला आणि कापड रंगवायलाही लागणारा. व्यापारी तो रानात येऊन घेत आणि बदल्यात धान्य, कापड, पैसे देत. व्यापाऱ्याने फसवले नसेल असे मी म्हणत नाही. पण कुठल्या रानात जायचे, किती दिवस राहायचे, कधी परतायचे हे कातकरी ठरवत होते. झाड, चूल आणि हत्यार त्यांच्या ताब्यात होते.

१८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी हे संपवले. राखीव जंगलाची रेघ ओढली गेली. खैर सरकारी माल झाला. तो तोडणारा गुन्हेगार झाला. जहाजे, रेल्वे आणि वाढती मुंबई यांना लाकूड हवे होते, आणि ठाणे जिल्ह्याची राने मुंबईच्या सर्वांत जवळची. ज्या समाजाला कातावरूनच नाव मिळाले त्याला कात करायला रान उरले नाही. वर चोरटा, उनाड, आळशी अशी विशेषणे त्या काळातल्या साहेबी लिखाणात त्यांच्या नावापुढे लागली, आणि ती आपल्याकडच्या शिकल्या-सवरल्या माणसांनीही बिनदिक्कत उचलली. एका पिढीत ज्याचा धंदा गुन्हा ठरवला, त्याला पुढच्या पिढीत जातीनेच गुन्हेगारी वृत्तीचा म्हणणे हा अन्याय होता. तो अजून धुऊन निघालेला नाही. पोलीस ठाण्यात कातकरी माणूस आजही आधी संशयित म्हणून पाहिला जातो.

कात गेल्यावर काही जण कोळसा पाडायला गेले. ठेकेदारामागून कोळशाच्या भट्ट्यांवर रायगड-ठाण्यातले कातकरी घाटावर आणि पार कर्नाटकापर्यंत जात. बाकीचे जमीनदारांच्या शेतावर गडी झाले. इथेच ‘लग्नगडी’ ही ठाणे जिल्ह्यातली कुप्रसिद्ध रीत येते. लग्नासाठी मालकाकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. फिटायचे ते कधीच नाही. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांच्या संदर्भात याविषयी लिहिले, आणि १९४५ पासूनच्या वारल्यांच्या लढ्याने तिकडे वेठीला मोठा हादरा दिला. भिवंडी, वसई, वाडा या पट्ट्यात मात्र लग्नगडी त्यानंतरही कितीतरी वर्षे टिकून राहिला.

कुळकायदा आला तेव्हाही कातकरी बाजूलाच राहिले. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसणारी कुळे कायद्याने मालक झाली. अनेक कुणबी, आगरी, वारली आणि कोळी कुटुंबांच्या आयुष्यात ती तारीख सोन्याची ठरली. कातकरी कुळ म्हणून नोंदलेलेच नव्हते. ते राबत होते, राखण करत होते, पण पीकपाहणीत त्यांचे नाव नव्हते. एवढेच नव्हे, तर त्यांची घरेही बहुतेक ठिकाणी मालकाच्या बांधावर, त्याच्या माळावर, त्याच्या मर्जीने उभी राहिलेली. मालकालाही रानाकडेला राखणीला माणसे हवीच होती. पाडा झाला, पण त्याला गावठाण मिळाले नाही. तेव्हा ते कोणाला खुपले नाही, कारण त्या माळाला किंमत नव्हती. आता आहे. समृद्धी महामार्ग याच भिवंडी तालुक्यातल्या आमणेला येऊन संपतो. २०२५ च्या जूनमध्ये त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला. गोदामे, फार्महाऊस, बंगल्यांचे प्लॉट यांच्या मागणीने माळरानाचा भाव चढला, आणि तीन-तीन पिढ्या तिथे राहणाऱ्यांना एके दिवशी कळते की आपल्या घराखालची जमीन विकली गेली आहे. नवा मालक कुंपण घालतो. पाणवठ्याची वाट बंद होते. स्मशानाची जागा कुंपणात जाते. मोडक्या घराच्या जागी घरकुल मंजूर झाले तर जागेचा कागद मागतात, आणि कागद कोणाच्या नावावर ते वर आलेच.

पावसाळा अजून थोडाफार त्यांचा आहे, म्हणून त्याविषयी सावकाश लिहितो. आणि खरे सांगायचे तर या विषयातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे.

मृगाआधीचा पहिला वळीव पडला की रानात शेवळे फुटतात. अंबाडीच्या, वाड्याच्या, शहापूरच्या नाक्यांवर कातकरी बाया त्यांच्या जुड्या मांडून बसतात, शेजारी काकडांचा वाटा. शेवळे घेणारा शहरी माणूस काकडे नको म्हणाला तर त्या त्याला तशा सोडत नाहीत. शेवळाने घशाला खाज सुटते आणि काकडाच्या आंबटाने ती मारली जाते, म्हणून दोन्ही एकत्रच न्यायची. सोलायचे कसे तेही दाखवतात: वरचे पापुद्रे काढायचे, आतल्या दांड्याच्या बुडाशी असलेला पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, उरलेला बारीक चिरायचा. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, लोत, दिंडा, पुढे करटोली अशा एकामागून एक भाज्या येत राहतात. यातल्या काही चार-आठ दिवसच कोवळ्या मिळतात, काही विशिष्ट उतारावरच उगवतात. काही नीट शिजवल्या नाहीत तर बाधतात. करांद्यांत जे कडू असतात ते उकडून, चकत्या करून, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात. मगच ते खाण्याजोगे होतात. कुठला कंद किती पाणी मागतो हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. ते आईकडून मुलीकडे जाते. मुलगी हिवाळाभर भट्टीवर राहिली तर त्यातले किती तिच्यापर्यंत पोहोचेल, याची काळजी मला वाटते.

पहिल्या मोठ्या पावसात वलगणीचे मासे चढतात. नदीतले मासे अंडी घालायला उलट्या पाण्याने ओढ्यात, ओढ्यातून खाचरात येतात, आणि त्या एक-दोन रात्री पाड्यावर कोणी झोपत नाही. दिवट्या, बॅटऱ्या, टोपल्या, कामट्यांचे सापळे, फाटकी लुगडी, जे हाताला येईल ते घेऊन लहानथोर पाण्यात उतरतात. खेकड्यांचेही हेच दिवस. कातकरी पोराने दगडाखाली हात घालून खेकडा काढणे पाहण्यासारखे असते. नांगी कुठे असणार हे त्याच्या बोटांना न पाहता कळते. पुढे आवणी लागते. कुणबी-आगऱ्यांच्या शेतावर चिखलणी, लावणी, मग निंदणी. आवणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, त्यामुळे या एकाच हंगामात मजुरी काय घ्यायची हे कातकरी थोडेफार ठरवू शकतात.

भात कापले की उंदरांचा हंगाम. कातकरी उंदीर खातात हे सांगून लोक नाक मुरडतात, म्हणून ते कसे होते तेही सांगतो. शेतातला उंदीर लोंब्या तोडून बिळात साठवतो. एका बिळात बऱ्यापैकी भात सापडते. कातकरी आधी बांधावर फिरून बिळाची सगळी तोंडे शोधतो. ताजी माती कोणत्या तोंडाशी आहे ते पाहतो. बाकीची तोंडे बुजवतो, एका तोंडाशी गवत पेटवून धूर आत सोडतो, आणि मग कुदळीने बीळ उकलत जातो. बिळाला फाटे असतात, पिलांची जागा वेगळी, धान्याची वेगळी. कुठे खोल जायचे, कुठे थांबायचे याचा अंदाज चुकला तर उंदीर निसटतो. उंदीर भाजून खातात, भात धुऊन वाळवून कांडतात. शेतकऱ्याचा पुढच्या वर्षीचा शत्रू कमी होतो आणि कातकऱ्याच्या घरात प्रथिने आणि दाणे दोन्ही येतात. बांध फुटला म्हणून कुरकुर होते, पण समंजस शेतकरी स्वतः बोलावून नेतात. सापळे, गलोल, जाळी यांनी ससा, लावा, होला मिळवणेही याच काळातले; आता वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि तानसाचे रान १९७० पासून अभयारण्य आहे.

हे सगळे करणाऱ्या समाजाचा देवधर्मही त्या रानाशी बांधलेला आहे. वाघदेव आहे, म्हसोबा आहे, हिरवा आहे. रामाला साथ देणाऱ्या वानरांचे आपण वंशज, अशी त्यांची जुनी समजूत. सोन आणि ढोर अशा पोटशाखा आहेत आणि त्यांच्यात खाण्यापिण्यावरून, लग्नावरून भेद पाळले जात आले आहेत. मराठीच्या जवळची पण वेगळ्या वळणाची बोली आहे, जी शाळेत गेलेले मूल पहिल्या आठवड्यातच लपवायला शिकते. लग्नात हुंडा नाही, मुलीच्या बापाला देज द्यावे लागते. सण म्हणाल तर शिमगा. भट्टीचे काम ऐन भरात असते, तरी होळीला माणसे पाड्यावर परततात, मालकाने काहीही म्हटले तरी. त्या चार-पाच दिवसांत ढोल वाजतो, रुसवेफुगवे मिटतात, सोयरिकी ठरतात. हिवाळ्या-उन्हाळ्यातले एवढेच दिवस त्यांनी स्वतःकडे राखून ठेवले आहेत.

आता भट्टी. मुंबई, ठाणे, कल्याण, वसई-विरारच्या इमारतींना लागणाऱ्या लाल विटेचा मोठा भाग याच तालुक्यांतल्या खाचरांतून येतो. कामाचे एकक एक माणूस नसतो, ‘जोडी’ असते, म्हणजे नवराबायको. संध्याकाळी खड्ड्यात माती, तूस किंवा राख आणि पाणी घालून गारा मुरायला टाकतात. मध्यरात्र उलटली की उठायचे, कारण उन्हात थापलेल्या विटेला तडे जातात. बाई पायाने गारा तुडवून त्याचे गोळे करून आणते. पुरुष उकिडवा बसून साच्यात गोळा आपटतो, वरचा गारा हाताने निपटतो, साचा उलटा करतो, उचलतो, एक पाऊल मागे सरतो. वीट, पाऊल, वीट, पाऊल. सकाळी मालक रांगा मोजतो. अर्धवट सुकलेल्या विटा आडव्याच्या उभ्या करणे हे मुलांचे काम, कारण ती हलकी असतात आणि ओल्या विटांमधून चालताना त्यांचा पाय पडत नाही. सुकलेल्या विटा बायका डोक्यावरून भट्टी रचण्याच्या जागी नेतात. राहायला कच्च्या विटांवर गवत किंवा प्लॅस्टिक टाकलेला भोंगा, ज्यात वाकूनच शिरावे लागते. अवकाळी पाऊस झाला तर थापलेल्या विटांचा पुन्हा चिखल होतो, आणि बऱ्याच भट्ट्यांवर त्या विटांची मजुरी धरली जात नाही.

मजुरी हजार विटांवर. आठवडी बाजाराच्या दिवशी पोटापुरती ‘खर्ची’ मिळते. गणपती-दिवाळीची उचल आणि दर आठवड्याची खर्ची मालकाच्या वहीत नोंदवली जाते, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. वहीत नाव पुरुषाचे असते. बाईने तुडवलेला गारा आणि वाहिलेल्या विटा त्या नावात जमा होतात. तिच्या नावाने वेगळा आकडा नसतो. हिशेबात फिटले नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या दिवाळीनंतर टेम्पो त्याच भट्टीचा येतो. वही ज्याच्या हातात, त्याच्या हातात वर्ष. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला ती वही उघडून दाखवली तरी तिचा उपयोग नसतो. सगळे मालक असे नसतात; चोख हिशेब देणारे आणि आजारपणात गाडी काढणारेही असतात, आणि मजूर त्यांची नावे आदराने घेतात. पण माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून असलेल्या मजुरीला मजुरी म्हणवत नाही.

कायदा याबाबत स्वच्छ आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीपोटी बांधलेले श्रम बेकायदा ठरवले आणि तशी कर्जे रद्द केली. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाखालची सक्तीची मजुरीच, असे म्हटले. पण हे निकाल दिल्लीहून अंबाडीच्या पाड्यांपर्यंत आपोआप येणार नव्हते. त्याच १९८२ मध्ये विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना उभी केली. वसई तालुक्यातल्या दहिसर गावातल्या वेठबिगारांच्या मुक्ततेपासून काम सुरू झाले. गणेशपुरीजवळचे उसगाव हे त्याचे केंद्र बनले, म्हणजे अंबाडीपासून फार दूर नाही. मुक्ततेचे दाखले, किमान वेतनासाठी मोर्चे, तहसील कचेरीसमोर ठिय्ये, मारहाण, खटले हे सगळे या भागाने पाहिले आहे. पंडित दांपत्याला १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला. संघटनेच्या पद्धतींविषयी मतभेद असणारे लोक आहेत आणि असावेत. तरीही भट्टीवरच्या मुलांसाठी भट्टीवरच शाळा नेण्याची ‘भोंगा शाळे’ची कल्पना नव्वदच्या दशकात इथूनच पुढे आली, आणि मला ती या सगळ्या लढ्यातली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट वाटते. स्थलांतर थांबेल तेव्हा थांबेल, तोवर मुलाचे वर्ष तरी वाया जाऊ नये, हा तिच्यामागचा साधा विचार होता.

वेठबिगारी इतिहासजमा झाली असे मानणाऱ्यांनी २०२२ आठवावे. इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीतली एक दहा वर्षांची मुलगी मेंढपाळाकडे कामाला ठेवली गेली होती. तिचा मृत्यू झाला. पाठोपाठ कळले की अशी किती तरी मुले थोड्या पैशांवर, एखाद्या मेंढीच्या बोलीवर मेंढ्यांमागे पाठवली गेली आहेत. आईबापांना दोष देणे सोपे आहे. ज्यांच्या वर्षातले सहा महिने आधीच गहाण पडलेले आहेत, ते उरलेल्यात काय गहाण ठेवणार, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

आता थोडे लांबचे, पण वर्ष मोडल्याचेच एक उदाहरण. इथिओपिया, इरिट्रिया आणि जिबूती या तीन देशांत विखुरलेले अफार लोक उंट, शेळ्या-मेंढ्या, गाईगुरे पाळतात. समुद्रसपाटीच्या शंभराहून अधिक मीटर खाली असलेल्या, पृथ्वीवरच्या अत्यंत उष्ण अशा दनाकिलच्या खोलगटात अफार माणसे मिठाच्या लाद्या तोडतात. उंटांचे तांडे त्या लाद्या डोंगरमाथ्यावरच्या बाजारांत नेतात. शतकानुशतके तिथे मिठाची लादी नाणे म्हणून चालत होती. चटयांची घुमटाकार घरे बायका उभारतात, उतरवतात आणि उंटावर लादतात. वाटेत दोन अफार भेटले की आधी ‘दागू’ होतो: पाऊस कुठे पडला, चारा कुठे आहे, कोणत्या विहिरीला पाणी आहे, कुठे रोग आहे, हे एकमेकांना नीट आणि खरे सांगायचे. रखरखीत मुलखात त्यांचे वर्ष त्या बातम्यांवर चालते.

या वर्षात एक अरुंद पट्टा फार मोलाचा होता: अवाश नदीचा काठ. उन्हाळ्यात सगळे करपले की कळप तिथे उतरत. गेल्या शतकात साठच्या दशकात नदीवर धरण झाले, काठच्या जमिनी कापूस आणि उसाच्या मळ्यांना दिल्या गेल्या. नकाशावर तो पट्टा लहानसा. बाकीचा अफाट माळ अफारांकडेच राहिला, म्हणून राज्यकर्त्यांना वाटले की फारसे काही बिघडलेले नाही. पण कोरड्या महिन्यांतली कुरणे गेल्यावर बाकीच्या माळाचा उपयोग उरला नाही, आणि १९७२-७३ च्या दुष्काळात अफारांचे कळप आणि माणसे मोठ्या संख्येने मेली.

हे वाचताना मला तानसा आठवते. १८९२ साली तानसाचे धरण मुंबईला पाणी देण्यासाठी पुरे झाले. पुढे वैतरणा आणि भातसा यांची भर पडली. मुंबईकडे जाणाऱ्या प्रचंड जलवाहिन्या याच भिवंडी तालुक्यातून जातात, आणि चैत्र-वैशाखात त्यांच्याच आसपासच्या पाड्यांवर बाया डबक्यात झिरपा धरून वाट्यांनी हंडा भरतात. कातकऱ्यांचे आणि अफारांचे आयुष्य सारखे आहे असे मला म्हणायचे नाही. अफारांना स्वतःची सुलतानशाही होती, आज इथिओपियात त्यांच्या नावाचे राज्य आहे. कातकऱ्यांच्या नावाने एक गावठाणही धड नाही. साम्य आहे ते वर्ष मोडण्याच्या रीतीत. एखाद्या समाजाकडून किती एकर घेतले हे मोजले जाते. कोणता महिना घेतला हे कोणी मोजत नाही. पाणी, रान, कुरण घेताना नुकसानभरपाईच्या अर्जात महिन्याचा रकाना नसतो.

गेल्या काही वर्षांत कातकऱ्यांकडे सरकारचे लक्ष पुन्हा गेले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिम जमातींच्या अधिवास हक्काची स्वतंत्र तरतूद आहे, पण तिचा उपयोग कातकऱ्यांसाठी जेवढा व्हायला हवा त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा झालेला नाही. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत आदिम जमातींसाठी घरे, रस्ते, पाणी, दाखले असा मोठा कार्यक्रम आहे, आणि कातकरी पाड्यांवर जातीच्या दाखल्यांची आणि आधार कार्डांची शिबिरे त्यामुळे झाली. ही कामे हवीतच. पण शिबिर जानेवारीत लावले तर पाडा भट्टीवर असतो, आणि घरकुलाचा हप्ता आला तर पायाखालची जागा दुसऱ्याची असते. गावठाण विस्ताराचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातले आहे. जमीन महसूल संहितेत त्याची सोय आहे. मला विचाराल तर सगळ्या योजनांच्या आधी प्रत्येक कातकरी पाड्याखालची जमीन पाड्याच्या नावावर व्हावी. बाकीचे त्यानंतर.

एक चांगली गोष्टही नोंदवली पाहिजे. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेखाली एकत्र येऊन रानातली गुळवेल गोळा करून, वाळवून मोठ्या औषध कंपन्यांना विकायला सुरुवात केली, आणि टाळेबंदीच्या काळात त्या कामाने कितीतरी घरे तगवली. गुळवेल कोणत्या झाडावर चढलेली घ्यायची, कितपत जाड घ्यायची, वेल पुन्हा फुटावी म्हणून कुठे कापायची, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. वजन काट्यावर त्यांच्यासमोर झाले आणि वही त्यांच्या हातात राहिली. जिथे जिथे असे झाले, तिथे हिवाळ्यात भट्टीला न जाणारी कुटुंबे दिसू लागली.

हे पुस्तक म्हणूनच एप्रिल ते मार्च अशा कचेरीच्या वर्षाप्रमाणे मांडलेले नाही. त्याची सुरुवात ज्येष्ठात होते, जेव्हा भट्टीवरून माणसे परततात, छपरे शाकारतात आणि पहिल्या पावसाची वाट पाहतात. आणि शेवट पुढच्या वैशाखात, हिशेबाच्या दिवशी. मधल्या प्रकरणांत कंद आणि भाज्या, मासे, आवणी, उंदीर, शिमगा, भट्टी, शाळा, गावठाण आणि वनहक्क असा क्रम आहे. भट्टीचे प्रकरण सर्वांत लांब आहे; पण ते आधी उघडू नये, एवढी विनंती. पहिले प्रकरण कंद आणि भाज्यांचे आहे.